डबा, पुडी आणि पेज : खिदिरपुरातला एक दिवस

मी आहारतज्ज्ञ. माहेर मालवणजवळचं, नवरा कोलकात्याच्या गोदीत नोकरीला, आणि माझं काम खिदिरपुरात, डायमंड हार्बर रोडपासून दोन गल्ल्या आत असलेल्या एका मध्यम आकाराच्या नर्सिंग होममध्ये. इथले पेशंट उर्दू, भोजपुरी, बंगाली आणि या तिन्हींची मिसळ झालेली हिंदी बोलतात. भाषा कुठलीही असो, हल्ली बऱ्याच जणांच्या पिशवीतून अमिनो आम्लांचं काही ना काही निघतंच. कधी डबा, कधी पुडी, कधी गोळ्यांची पट्टी, कधी सलाईनच्या बाटलीची चिठ्ठी. ‘हे घेऊ का?’ हा प्रश्न सकाळपासून रात्रीपर्यंत माझ्या मागे असतो आणि त्याचं उत्तर दर माणसाला वेगळं द्यावं लागतं. पावसाळ्यातल्या अशा एका कामाच्या दिवसाची ही नोंद.

पहाटे ५:४५

पोर्टच्या क्वार्टरमध्ये दिवस भरती-ओहोटीच्या हिशेबाने उजाडतो. खिदिरपूरची गोदी १८९२ सालची. हुगळीला भरती आली की लॉकगेटमधून जहाज आत घेतात, तोवर ते बाहेर नदीत थांबतं. आज भरती पहाटेची, म्हणून नवरा अंधारातच निघून गेला. मी कुकर लावते. डब्याला मुगाची खिचडी, वर तूप, सोबत दही.

माझा निम्मा अभ्यासक्रम या कुकरात आहे. आपल्या अंगातली प्रथिनं वीस अमिनो आम्लांपासून बनतात. त्यातली अकरा शरीर स्वतः तयार करतं. उरलेली नऊ ताटातूनच यावी लागतात : हिस्टिडिन, आयसोल्युसिन, ल्युसिन, लायसिन, मेथिओनिन, फिनाइलअॅलनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलिन. यातलं थ्रिओनिन सगळ्यात उशिरा सापडलं, १९३५ मध्ये. विल्यम रोझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते शोधल्यावर यादी पुरी झाली. तांदळात लायसिन कमी पडतं, डाळीत मेथिओनिन. दोन्ही पोटात गेली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. ती एकाच घासात जायला हवीत असंही नाही, दिवसभरात गेली तरी भागतं.

किती हवं, तेही ठरलेलं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ताटात मुख्यतः भात-पोळीच असेल, तर एक ग्रॅम धरायचं. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ते साठ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, पेलाभर दुधात तेवढीच. बेरीज तिसरीतल्या पोराला जमेल अशी आहे.

सकाळी ७:३०

बास्क्युल ब्रिजपाशी रिक्षा अडते. जहाज एका बाजूकडून दुसरीकडे जाणार म्हणून पूल वर उचललाय. इथल्या लोकांना उशिराची सबब आयती मिळते आणि ती खोटी आहे की खरी हे कुणी तपासत नाही.

थांबलेल्या गर्दीचा फायदा सत्तूवाल्याला होतो. पितळी भांडं, त्यात भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, कांदा, हिरवी मिरची, लिंबू, काळं मीठ. गोदीत ओझी वाहणारे बिहारकडचे मजूर उभ्याउभ्या मोठा पेला रिकामा करतात आणि कामाला लागतात. शंभर ग्रॅम सत्तूत वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि भातात जे लायसिन कमी असतं ते हरभऱ्यात भरपूर. दुपारी हेच मजूर भात किंवा लिट्टी खातील, तेव्हा हिशेब पुरा होईल. या रांगेतल्या कुणाला मी कधी पावडर सुचवलेली नाही. सत्तू दोन वेळा घ्या, एवढंच सांगते.

सकाळी ८:३०

वॉर्डचा राऊंड. पहिलाच पेशंट लिव्हर सिरॉसिसचा, पन्नाशीतला. पोटात पाणी झालंय, दंड मात्र काडीसारखे. मुलगा हळूच विचारतो, “दीदी, गावाकडे सांगितलं की लिव्हर खराब असेल तर डाळ, अंडं, मासे सगळं बंद करायचं.” हा जुना सल्ला. एकेकाळी डॉक्टरही हेच सांगायचे, कारण प्रथिनांमुळे अमोनिया वाढून माणूस ग्लानीत जाईल अशी भीती होती. आता उलट सांगतात : असा पेशंट आधीच स्नायू गमावत असतो, त्याला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं द्या, आणि रात्रीचा उपास लांबू नये म्हणून झोपण्यापूर्वी थोडं खायला द्या.

याच पेशंटच्या कागदावर डॉक्टरांनी बीसीएएची पुडीही लिहिली आहे. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन फांदीदार साखळीची आम्लं. सिरॉसिसमध्ये रक्तात ही तीन घटतात आणि फिनाइलअॅलनिन, टायरोसिन वाढतात. ग्लानीचे झटके येणाऱ्या पेशंटला या पुडीने फरक पडतो हे चाचण्यांत दिसलं आहे. आयुष्य वाढतं असं मात्र दिसलेलं नाही. मी मुलाला दोन्ही गोष्टी सांगते. पुडी घ्या, आणि रात्री नऊला दूध-मुडी किंवा छेना विसरू नका.

पलीकडच्या खोलीत आतड्याचं ऑपरेशन झालेली बाई. पोट अजून बंद आहे, तोंडाने पाणीसुद्धा नाही. तिच्या मानेजवळच्या मोठ्या शिरेतून तीन कप्प्यांची पिशवी चालू आहे : एकात ग्लुकोज, एकात स्निग्ध द्रव, एकात अमिनो आम्लं. आतडं काम करत नाही तेव्हा हाच तिचा घास. इथे काटकसर करायची नसते.

तिसऱ्या खाटेवरच्या चाची तापातून उठल्या आहेत. त्यांचं म्हणणं, “बेटी, एक ताकद की बोतल चढवा दो.” ही बाटली या भागात फार मानाची आहे. पिवळसर सलाईन, दोनशे मिली, गल्लीतले काही डॉक्टर अशक्तपणासाठी सर्रास लावतात. मी चाचींना गणित करून दाखवते. पाच टक्क्यांच्या दोनशे मिली बाटलीत दहा ग्रॅम अमिनो आम्लं. दोन अंड्यांत बारा ग्रॅम प्रथिनं, शिवाय सुई नाही. चाची हसतात, पण बाटलीचा नाद सुटलेला दिसत नाही. शेवटी सून घरून अंड्याची भुर्जी आणायला तयार होते आणि तह होतो.

सकाळी १०:१५

ओपीडी. बावीस वर्षांचा मुलगा, वडिलांचा मटियाबुर्जला कपडे शिवायचा कारखाना. सकाळी जिम, दिवसभर मशीनवर. टेबलावर डबा ठेवतो. टरबुजाच्या स्वादाचं बीसीएए. सकाळी फक्त हे आणि दुपारी बिर्याणी असा त्याचा आहार.

“मॅडम, यात मसल बनवणारी तिन्ही आहेत.”

“आणि बाकीची सहा कुठून आणणार?”

ल्युसिन स्नायूंच्या पेशींना बांधणी सुरू करण्याचा इशारा देतं, हे खरं आहे. पण इशारा मिळाल्यावर नऊच्या नऊ आम्लं लागतात. नुसते तीन गडी घेऊन कबड्डीच्या मैदानात उतरलं तर चढाई होईल, सामना जिंकता येणार नाही. बाहेरून सहा आली नाहीत, तर शरीर ती स्वतःच्याच स्नायूंतून काढतं. अमेरिकेतले रॉबर्ट वुल्फ यांनी २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला आणि नुसत्या बीसीएएने माणसात स्नायू वाढतात या दाव्याला आधार नाही, असा निष्कर्ष काढला. हा डबा ज्या पैशांत आला, त्यात महिनाभर रोज चार अंडी येऊन वर सुटे उरले असते.

मग त्याने दुसरा डबा काढला, व्हे प्रोटीनचा. व्हे म्हणजे छेना करताना निघणाऱ्या पाण्यातलं प्रथिन. त्यात नऊही आम्लं आहेत, त्यामुळे याच्याशी माझं भांडण नाही. पण डबा फिरवून बघायला लावते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का? परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आहे का? घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं लिहिलंय का?

हे शेवटचं का विचारलं, ते त्याला समजावते. प्रथिनं मोजायची जुनी रीत १८८३ ची, डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांची. तीत प्रथिन मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रथिनाचा अंदाज करतात. त्यामुळे स्वस्त ग्लायसिन मिसळलं तरी कागदावर प्रथिन वाढतं. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन घातलं गेलं ते याच पळवाटेने. जवळपास तीन लाख मुलं आजारी पडली, सहा दगावली. मुलगा डब्याकडे आता जरा संशयाने बघतो. मी त्याला लिहून देते : सकाळी चार अंडी किंवा सत्तू, दुपारी डाळभात आणि मासा, संध्याकाळी दही. व्हे हवाच असेल तर एक मापटं, वेळ नसेल त्या दिवशी.

सकाळी ११:३०

किडनीचे पेशंट. यांच्या बाबतीत बोलताना मी एकेक शब्द तोलून बोलते, कारण जिमवाल्याला दिलेला सल्ला इथे घात करतो.

एक निवृत्त शिक्षक, क्रिअॅटिनिन वाढलेलं, डायलिसिस अजून लांब. त्यांना किटो-अॅनालॉगच्या गोळ्या चालू आहेत. ही अमिनो आम्लांची नायट्रोजन काढून टाकलेली रूपं. एरवी युरिया बनून रक्तात साचला असता, तो नायट्रोजन वापरून शरीर त्यांची आम्लं बनवतं, त्यामुळे कचराही थोडा कमी होतो. पण या गोळीला अर्थ येतो तो ताटातलं प्रथिन खरोखर कमी केलं तरच. एकीकडे गोळी आणि दुसरीकडे रोज मटण, म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय यातली बरीचशी आम्लं कॅल्शियमच्या क्षाररूपात असतात, म्हणून रक्तातलं कॅल्शियम अधूनमधून तपासावं लागतं.

काकाबाबू ऐकून घेतात आणि विचारतात, “शेजारच्या मित्राचं डायलिसिस चालू आहे, त्याला ही गोळी सांगू?” मी जवळजवळ ओरडतेच. डायलिसिसमध्ये अमिनो आम्लं यंत्रातून वाहून जातात, त्या माणसाला प्रथिन कमी नव्हे, जास्त लागतं. एकाच अवयवाचा आजार, आणि दोन टप्प्यांवर ताट बरोबर उलटं.

दुपारी १:१५

डबा. सिस्टर दीदींच्या ताटात भात, मसुरीची डाळ, रुईचा झोल. माझी खिचडी बघून त्या म्हणतात, “तुमची खिचुरी इतकी पातळ का?” आमचं हे रोजचं. कुणीतरी चाऊमिन मागवलंय, मग अजिनोमोटोचा विषय निघतो. त्यातलं ग्लुटामेट हेही अमिनो आम्लच. त्याची चव जपानच्या किकुनाए इकेडा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्शातून वेगळी काढली. टोमॅटोत ते आहे, माशाच्या झोलात आहे, आईच्या दुधातही आहे. चाऊमिनमध्ये मला खटकतं ते मीठ, तेल आणि मैदा.

दुपारी २:००

नर्सिंगच्या मुलींचा तास. विषय ‘उपासमारीतला आहार’. पुस्तकातलं पान बाजूला ठेवून मी त्यांना याच शहराची गोष्ट सांगते.

१९४३. बंगालचा दुष्काळ. खेड्यांतून माणसं कोलकात्याच्या रस्त्यांवर आली, दारोदार भाताची पेज मागत. सरकारी चौकशी आयोगाने पुढे मृतांचा आकडा पंधरा लाखांच्या आसपास धरला, नंतरच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला. त्याच वर्षी ५ डिसेंबरला जपानी विमानांनी भरदिवसा खिदिरपूरच्या गोदीवर बॉम्ब टाकले आणि शेकडो मजूर मेले. मुली माना वर करतात. यातल्या दोघीतिघींच्या घरातलं कुणी ना कुणी गोदीत आहे.

रस्त्यावर पडलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या माणसांना इस्पितळात आणल्यावर डॉक्टरांपुढे प्रश्न होता : यांना अन्न पचतच नाही, मग द्यायचं काय? ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ ही संस्था कोलकात्यात १९३२ पासून होती. तिथले के. व्ही. कृष्णन आणि त्यांचे सहकारी यांनी विचार केला की, पचन जर बंद पडलंय तर प्रथिन आधीच पचवून द्यावं. अमिनो आम्लांच्या पातळीपर्यंत तोडलेलं प्रथिनाचं द्रावण त्यांनी शिरेतून दिलं आणि आपले अनुभव १९४४ मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये छापले. निकाल आशादायक वाटला. आज पेशंटच्या खाटेशी लटकणाऱ्या पिशवीचा हा एक पूर्वज.

बातमी इंग्लंडला पोचली. युद्ध संपत आलं होतं आणि युरोपातही उपासमार होती. १५ एप्रिल १९४५ ला बर्गेन-बेल्सनची छळछावणी मुक्त झाली, तेव्हा जॅनेट व्हॉन, चार्ल्स डेंट आणि रोझालिंड पिट-रिव्हर्स हे तिघे असंच द्रावण तपासायला तिथे गेले. शिरेतून द्यायला गेल्यावर कैदी किंचाळू लागले, कारण छावणीत सुई म्हणजे मरण हे त्यांनी पाहिलं होतं. तोंडाने दिलं तर चव इतकी घाण की घशाखाली उतरेना. शेवटी साय काढलेलं दूध, थोडं थोडं, पुनःपुन्हा, यानेच माणसं जास्त सावरली. तिथे ‘बंगाल फॅमिन मिक्श्चर’ही दिलं गेलं. तांदूळ आणि साखर यांवर बेतलेली ही लापशी इथल्या दुष्काळातली. ती पूर्व युरोपातल्या लोकांना फार गोड लागली, म्हणून नको झाली.

एक मुलगी विचारते, “म्हणजे कृष्णन चुकले?” नाही. त्यांनी प्रश्न बरोबर विचारला होता. पण भुकेल्या माणसाचं आतडं आपण समजतो त्यापेक्षा चिवट असतं. त्याला पचवायला अन्न हवं असतं, फक्त हळूहळू, थोडं थोडं. आतडं खरंच बंद असेल तेव्हाच बाटलीची पाळी येते. सकाळच्या राऊंडला पाहिलेली बाई त्यांना आठवते. त्या वहीत लिहून घेतात.

दुपारी ३:००

एका मोठ्या इस्पितळाने पाठवलेली आई आणि चार वर्षांची मुलगी. मुलीला जन्मजात फिनाइलकीटोन्युरिया. फिनाइलअॅलनिनचं टायरोसिन करणारं विकर तिच्या यकृतात कामच करत नाही. नेहमीचं दूध, डाळ, अंडं, मासा खाल्लं तर ते आम्ल रक्तात साचून मेंदू बिघडवतं. म्हणून तिचं जेवण म्हणजे एक खास पावडर : फिनाइलअॅलनिन वगळून बाकीच्या अमिनो आम्लांचं मिश्रण. सोबत मोजून भात, बटाटा, फळं. तिच्यासाठी ही पावडर हेच मुख्य अन्न आहे.

या आजाराचा छडा नॉर्वेच्या असब्योर्न फॉलिंग यांनी १९३४ मध्ये लावला, एका आईच्या हट्टामुळे. तिला आपल्या दोन्ही मुलांच्या लघवीला विचित्र वास का येतो हे हवं होतं. आणि पहिला उपचार केला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम इथे होर्स्ट बिकेल यांनी, तोही दुसऱ्या एका आईने पिच्छा पुरवला म्हणून. त्यांनी दुधातलं केसीन तोडून अमिनो आम्लांचं द्रावण केलं, ते कोळशाच्या भुकटीतून गाळून फिनाइलअॅलनिन काढून टाकलं आणि मुलीला पाजलं. वर्णन छापून आलं १९५३ मध्ये. बेल्सनमध्ये जे कुणाच्या घशाखाली उतरलं नव्हतं, त्याच जातीचं द्रावण आठ वर्षांनी एका मुलीचं औषध ठरलं. कारण तिच्या शरीरात नेमकं काय बिघडलंय हे माहीत होतं.

आईचे प्रश्न साधे आहेत. वाढदिवसाला केक? पावडर शाळेत कशी न्यायची? शीतपेय चालेल का? बिनसाखरेचं मुळीच नाही, कारण त्यातल्या अॅस्पार्टेमपासून फिनाइलअॅलनिनच सुटतं. बाटलीवर बारीक अक्षरात तशी सूचना असते, ती मी तिला दाखवते. जन्मल्यावर टाचेतून रक्ताचा एक थेंब घेऊन हा आजार ओळखता येतो. ही तपासणी आपल्याकडे सगळीकडे झाली, तर पुष्कळ मुलं वाचतील.

दुपारी ४:१५

वाटगंजकडच्या वस्तीत आयांची बैठक. पावसाळा म्हणजे जुलाब. मी क्षारसंजीवनीची म्हणजे ओआरएसची पुडी, एक लिटरची बाटली आणि चमचा घेऊन जाते.

जुलाबात मीठ आतड्यातून शोषलं जायला साखरेची साथ लागते. ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात, मागून पाणी जातं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत, कॉलरात, सलाईन संपल्यावर हेच मीठ-साखरेचं पाणी डब्याडब्यांनी वाटलं आणि मृत्यू झपाट्याने खाली आणले. २०२२ मध्ये ते वारले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

यापुढचा भाग आमच्या शेजारचा. काही अमिनो आम्लंही सोडियमला तसंच जोडीने आत नेतात. मग पुडीत ग्लायसिन घातलं तर जुलाबच कमी होतील का? ही ‘सुपर ओआरएस’ची कल्पना तपासणाऱ्यांत महालनबीसही होते. डायमंड हार्बर रोडवरच्या कलकत्ता मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या गटाने तान्ह्या मुलांवर आधी तांदळाच्या पाण्याची आणि मग ग्लायसिनच्या पुडीची चाचणी घेतली. निबंध आले १९८२ आणि १९८४ मध्ये. सुरुवात चांगली होती, पण इतरत्र झालेल्या चाचण्यांत ग्लायसिनचा फायदा ठामपणे टिकला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये पुडी सुधारली, तेव्हा त्यात अमिनो आम्ल घातलं नाही. उलट मीठ आणि साखर दोन्ही कमी केली. आजच्या पुडीत लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. तांदळाची गोष्ट मात्र टिकली. विशेषतः कॉलरात भाताच्या पाण्यातलं ओआरएस चांगलं चालतं.

वस्तीत मी एवढा इतिहास सांगत नाही. पुडी पूर्ण एक लिटरमध्येच ढवळा, अर्ध्या बाटलीत नको. दूध पाजणं थांबवू नका. सोबत झिंक. मूल खायला लागलं की मऊ भात आणि डाळ. दुकानातली गोड पेयं ओआरएस म्हणून पाजू नका. २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या वेष्टनावर ओआरएस हा शब्द वापरायलाच बंदी केली आहे. एक आजी म्हणते, “आम्ही तर पेजच पाजायचो.” मीही मालवणची, पेजेवर वाढलेली. तिला सांगते, त्यात चिमूटभर मीठ घालत जा.

संध्याकाळी ६:३०

दुसरी ओपीडी. पार्किन्सनचे एक गृहस्थ. मुलाने प्रेमाने प्रोटीन शेक सुरू केला आणि तेव्हापासून गोळीचा असर कमी झालाय. त्यांची गोळी लेव्होडोपा, आणि तेही अमिनो आम्लच. आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना प्रथिनांतल्या आम्लांशी त्याला स्पर्धा करावी लागते. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, शेक बंद, प्रथिनं जास्त करून रात्रीच्या जेवणात. एवढ्या वेळापत्रकाने बऱ्याच जणांना बरं वाटतं, बाकीचं डॉक्टर बघतील.

त्यांच्यानंतर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले एक दुकानदार. कुणीतरी आर्जिनिनची पुडी सुचवली आहे, रक्तवाहिन्या मोकळ्या होतात म्हणून. कल्पना तर्काला धरून आहे. आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनतं, त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, आणि या शोधाला १९९८ चं नोबेलही मिळालं. पण झटक्यानंतरच्या पेशंटना आर्जिनिन देऊन पाहिलं, त्या २००६ मधल्या अमेरिकन चाचणीत आर्जिनिनच्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी थांबवावी लागली. पुडी मी परत त्यांच्या पिशवीत ठेवते आणि हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावते.

शेवटच्या बाई झोप येत नाही म्हणून ट्रिप्टोफॅनबद्दल विचारतात. १९८९ मध्ये अमेरिकेत एका कारखान्याच्या ट्रिप्टोफॅनमधल्या अशुद्धीने दीड हजारांहून जास्त लोकांना स्नायूंचा भयंकर आजार जडला होता, हे मी त्यांना सांगते. मग विचारते, संध्याकाळी चहा किती वेळा होतो? उत्तर ऐकल्यावर इलाज तिथेच सापडतो.

रात्री ९:००

घरी. मसुरीची आमटी, भात, तळलेला मासा. नवरा उद्याच्या भरतीची वेळ बघतोय, मी दिवसाचे कागद लावतेय. कागदांवर नजर टाकली की वाटणी सरळ दिसते. लिव्हरच्या पेशंटला पुडी, पोट बंद असलेल्या बाईला पिशवी, किडनीच्या काकाबाबूंना गोळी, त्या छोट्या मुलीला पावडर. इथे अमिनो आम्ल हे औषध आहे, आणि औषधासारखंच मोजून, तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेलं आहे. बाकी सगळ्यांच्या कागदावर मी अंडी, डाळ, सत्तू, मासा, दही लिहिलंय. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मे २०२४ च्या मार्गदर्शिकेतही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच सांगितलं आहे.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कुणी डबा, पुडी किंवा बाटली सुचवली तर तीन प्रश्न विचारा. माझ्या शरीरात नेमकं कुठलं आम्ल कमी आहे, किंवा कुठलं हाताळता येत नाही, हे कुठल्या तपासणीवरून ठरवलं? मी घेत असलेल्या औषधांशी आणि माझ्या किडनी-लिव्हरशी याचं जमतं का? आणि तेवढ्याच पैशांत ताटात काय आलं असतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर डबा दुकानातच राहू द्या आणि येताना अंडी घेऊन या.